खालची ओळ

चष्मा लावणाऱ्या माणसाला कोकरे आबा निम्माच माणूस धरायचे. आणि मला तर सातवीपासून चष्मा, तोही बाटलीच्या बुडासारखा जाड. इंदापूरच्या दूध संघात मी कॉम्प्युटरवर कामाला लागले, त्या पहिल्याच दिवशी आबांनी मला वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाले, "बांगड्याच्या दुकानातल्या मणेरचाचाची पोरगी न्हवं तू? अगं, एवढ्या जाड भिंगातनं तुला कॉम्प्युटर दिसंल, पर नवरा कसा दिसायचा?" सगळं ऑफिस खिदळलं. मीही काही कमी नव्हते. म्हटलं, "आबा, बघायला तो येणार, मी नाही." आबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. तिथून आमचं जमलं.

आबा आमच्या संघाचे सुपरवायझर. उंच, काटक, पांढरी टोपी, पायात करकरणाऱ्या वहाणा. मूळचे कोऱ्हाळे बुद्रुकचे. वाडवडील मेंढरं घेऊन मुलूखभर हिंडायचे, आबांच्या वडलांनी ते बंद करून शेती धरली. मेंढरं गेली पण नजर राहिली, असं आबा स्वतःच छाती काढून सांगायचे. आणि ते खोटं नव्हतं. चालत्या जीपमधून ते लांब कॅनॉलपलीकडं बोट दाखवायचे, "ती म्हस बग, डाव्या मागच्या पायानं लंगडती." आम्हाला तिथं म्हैस आहे की काळा दगड आहे हेसुद्धा कळायचं नाही. जीप वळवून जवळ गेलं की म्हैस खरंच लंगडत असायची. मग आबा माझ्याकडं वळायचे आणि भिवया उडवायचे. त्या भिवयांत सगळं यायचं.

तालुक्यात आबांच्या नजरेवर माणसांचा भरवसा होता. दुधाच्या कॅनचं झाकण काढून ते नुसतं आत बघायचे आणि सांगायचे, "हे रातचं हाय, सकाळच्यात मिसळलंय." कुणाची हिंमत नव्हती नाही म्हणायची.

फक्त लांबचं एवढं दिसणाऱ्या या माणसाला जवळचं दिसेनासं झालं होतं. पन्नाशीला टेकलेला माणूस, चाळिशी लागणारच. त्यात लाजायचं काय? पण आबांना मरणाची लाज. लग्नाची पत्रिका आली की ती माझ्याकडं फेकायची. "वाच गं नसीम, तुझा आवाज बरा हाय." पेपर आला की हात लांब करायचे, अजून लांब करायचे, मग "ह्यात काय बी नसतं" म्हणून घडी घालायची. सही करताना विचारायचे, "कुठं करू?" आणि आम्ही बोट ठेवलेल्या जागी झोकात सही ठोकायचे. सगळ्या ऑफिसला माहीत होतं. कुणी बोलत नव्हतं, कारण आबा सगळ्यांचे लाडके होते. चहा आणणाऱ्या मावशीसुद्धा कप त्यांच्या हाताजवळ सरकवून द्यायच्या.

अशात संघानं ठरवलं की एक लॅपटॉप घ्यायचा. तेव्हा संघात कॉम्प्युटर येऊन थोडीच वर्षं झाली होती आणि गावोगावची माणसं त्याच्यावर चिडून होती. पूर्वी वहीत लिहिलेलं दिसायचं, आता यंत्र काय करतंय कुणाला ठाऊक! दुधाची फॅट, डिग्री म्हणजे दुधाचा दाटपणा, सगळं आत जातं आणि बाहेर एक चिठ्ठी येते. तेव्हा लॅपटॉप घेऊन गावात जायचं, ज्याला शंका असेल त्याला त्याची नोंद तिथल्या तिथं दाखवायची, असा बेत होता. आणि निवडीचं काम कुणाकडं? आबांकडं. साहेब म्हणाले, "कोकरे, पडदा नीट पारखून घ्या. माणसांना दिसला पाहिजे. तुमच्या नजरेवर सोडतो."

बारामतीला डीलरच्या दुकानात आम्ही गेलो. डीलर टाय लावलेला, घामेजलेला, भला मुलगा. त्यानं तीन लॅपटॉप टेबलावर मांडले. आबांनी सगळ्यात आधी काय करावं? तिन्ही उचलून बाहेर उन्हात आणायला लावले. "जनावर कवा बी उन्हात बगावं. गोठ्यात सगळीच गुबगुबीत दिसत्यात." रस्त्यावरच्या कठड्यावर तीन लॅपटॉप उघडून ठेवले आणि तिन्ही काळेठिक्कर. कशातच काही दिसेना. आबा दचकले. "मेली की काय रं?" डीलर बिचारा सांगतोय, साहेब, उन्हात नाही दिसत, सावलीतच बघायचं असतं. भोवती ही गर्दी. आबा म्हणाले, "मंग गावात काय तंबू ठोकायचा व्हय?" पण शेवटी आत आले.

आत मात्र त्यांनी झकास पारख केली, हे मी सांगितलंच पाहिजे. मला टेबलाच्या डावीकडं उभं केलं, ड्रायव्हरला उजवीकडं, आणि विचारलं, "दिसतंय का?" एक लॅपटॉप समोरून छान आणि बाजूनं धुरकट, पार काळा. तो त्यांनी लगेच बाजूला सारला. "हे मालकापुरतंच दिसतंय. गावात कोंडाळं करून बगत्यात माणसं, कडंच्यांनी काय करायचं?" डीलरसुद्धा मान डोलवायला लागला.

राहिले दोन. काच दोघांची जवळपास सारखीच. एकाची अक्षरं मोठी, ठसठशीत. दुसऱ्याची बारीक, अगदी मुंगीच्या पायाएवढी, पण रेखीव. डीलरनं समजावलं की पडदा म्हणजे टिपक्यांनी विणलेली पट्टी. पहिल्यात आडवे आठशे, उभे सहाशे टिपके. दुसऱ्यात आडवे हजाराच्या वर. टिपके जास्त, म्हणून एका वेळी जास्त मजकूर मावतो, पण अक्षर लहान होतं. मी म्हटलं, "आबा, पहिला घ्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांना दाखवायचंय. डोळ्याला हाच बरा."

म्हाताराकोतारा हा शब्द मी काढायला नको होता. आबांचा चेहरा बदलला. डीलरनं तेवढ्यात बारीक अक्षरवाला पुढं सरकवला आणि विचारलं, "साहेब, वाचता येतंय ना आपल्याला?"

"न येयाला काय झालं? मोत्यावानी दिसतंय!" आबा म्हणाले. त्यांची मान मागं गेलेली मी बघितली. "घोंगडं घेताना बारीक विणीचंच घ्यावं. हाच द्या."

मी हुज्जत घातली. घरी येईपर्यंत जीपमध्ये घातली. आबा म्हणाले, "नसीम, तुला दिसतंय का त्याच्यात? दिसतंय. मला दिसतंय का? दिसतंय. मंग झालं तर." अक्षरं मोठी करता येतील का, म्हणून नंतर मी सेटिंग बदलून बघितलं. झालं काय, अक्षर होतं तेवढंच राहिलं आणि चित्र आक्रसून मधोमध आलं, चारी बाजूंनी काळी पट्टी. आबा बघतच राहिले. "एवढी मोठी खिडकी घेतली आन् उघडती एवढीशीच?" आम्ही हसलो आणि होतं तसं परत केलं.

मग निमगाव केतकीची सभा आली. बाजाराच्या दिवशी ठेवली होती, म्हणजे माणसं जमतील. डेअरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये सावली होती. टेबलावर लॅपटॉप, मी खुर्चीवर, भोवती हे कोंडाळं. सुरुवातीला चार-सहा जणांच्या नोंदी मी वाचल्या. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "बाई नगं! आबा, तुमी वाचा. तुमच्या तोंडातनं आलं म्हंजी आमी मानलं." सगळ्यांनी लावून धरलं. आबांना दुसरा मार्गच राहिला नाही. ते माझ्या शेजारी येऊन बसले.

त्याच वेळी सोनाबाई पुढं आली. मळ्यात राहणारी बाई, नवरा वारलेला, पदरात दोन मुली आणि दावणीला दोन म्हशी. तिच्या दुधाचं गावात नाव होतं. सणासुदीला खवा करायला माणसं तिच्याकडंच यायची. ती काही तक्रार घेऊन आली नव्हती. उलट थोडी मिरवायलाच आली होती. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "आबा, माझी डिग्री सांगा की जरा मोठ्यानं. ऐकू द्यात समद्यांना."

मी तिचं नाव शोधलं आणि ओळीवर बोट ठेवलं. आबा म्हणाले, "बोट काढ. काचंवर डाग पडतो."

मी बोट काढलं. आबांनी मान मागं घेतली, डोळे बारीक केले. मला दिसत होतं की त्यांना दिसत नाहीय. ओळी एकमेकींना चिकटलेल्या, भाताच्या शितांसारख्या. आबांनी वाचलं, "बावीस." आणि वर आपल्या सुपरवायझरी आवाजात म्हणाले, "सोनाबाई, दूध पातळ येतंय तुमचं. जरा ध्यान द्या."

 बावीस म्हणजे पाणी. हे तिथल्या लहान पोरालाही कळत होतं.

मी म्हटलं, "आबा, ती वरची ओळ. सोनाबाईंची खालची."

"तुज्या जाड भिंगातनं तुला वर-खाली कळंना झालंय," आबा म्हणाले, आणि माणसं हसली. हसू आलं की आबांना धीर यायचा. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, "एकोणतीस आहे, आबा!" पण तोवर आबांनी लॅपटॉपचं झाकण खाली पाडलं होतं. "चला, म्होरच्या गावाला जायचंय." माणसं उठायला लागली, खुर्च्या सरकल्या, माझा आवाज त्या गलक्यात गेला. सोनाबाई जागची हलली नव्हती. "माज्या दुधात पानी?" ती विचारत होती. कुणाला तरी नाही, सगळ्यांनाच. "म्या घालते पानी?"

जीपमध्ये मी तोंड फुगवून बसले. खरं तर राग एवढा आला होता की रडू येत होतं. गाव मागं पडल्यावर आबा म्हणाले, "खरंच एकोणतीस हुतं?"

"होय."

"मंग नीट सांगायचं न्हाय व्हय?"

"दोनदा सांगितलं, आबा."

त्यांनी तोंड बाहेर वळवलं. मग म्हणाले, "व्हय. सांगितलंस." आणि अगदी हळू, ड्रायव्हरला ऐकू जाऊ नये असं, "मला दिसलंच न्हाय गं."

मला वाटलं, उद्याच जातील आणि सांगतील. कुठलं काय! उद्याचा परवा झाला. कधी जीप नाही, कधी साहेबांची मीटिंग. निमगावच्या सेक्रेटरीला निरोप धाडलाय म्हणाले. धाडला असेलही, पण त्या सेक्रेटरीनं तो खिशात ठेवला की पोटात, कोण जाणे. आबा ऑफिसात पूर्वीसारखे गप्पा मारायला यायचे आणि मधेच गप्प व्हायचे. माझ्या टेबलाजवळून जाताना वहाणा करकरू नयेत म्हणून हळू चालायचे. मी बोलायची नाही. मीही हट्टी.

एके दिवशी अब्बांच्या दुकानात मी बसले होते. निमगावच्या बायका बांगड्या भरायला आल्या होत्या. एकीचा हात अब्बांच्या हातात, दुसऱ्या दोघी खेटून बसलेल्या, आणि गप्पा चाललेल्या. "ती पानीवाली सोना हाय न्हवं, तिनं डेअरीला दूध घालायचं बंद केलं म्हनं." "घालंल कोणत्या तोंडानं?" "तिच्या थोरलीला बगायला येनार हुती ती मानसं बी आली न्हाईत." आणि हसल्या. हिरव्या बांगड्यांचा जोड हातात घेऊन मी तशीच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांसमोर उभी राहिले आणि ऐकलेलं जसंच्या तसं सांगितलं. पानीवाली सोना. हे दोन शब्द ऐकताना आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांना टोपीशिवाय मी प्रथमच बघितलं.  दुपारी आले आणि म्हणाले, "तुज्या चष्म्याची काडी ढिली झालीया. चल बारामतीला, नीट करून आणू."

माझी काडी चांगली घट्ट होती. पण मी गेले. इंदापुरात चष्म्याची दुकानं होती की! पण इंदापुरात कुणी बघितलं तर? दुकानात बसल्यावर माझा चष्मा काउंटरवर ठेवून ते इकडंतिकडं बघत राहिले. मग चष्मेवाल्याला म्हणाले, "आलोच हाय तर माजे बी डोळे बगून घ्या. तसं मला समदं दिसतं." त्यानं हातात छोट्या अक्षरांचा कागद दिला. आबांनी तो लांब धरला, जवळ धरला, उजेडाकडं तिरपा केला. मी मुद्दाम दुसरीकडं बघत होते. शेवटी ते म्हणाले, "न्हाय दिसत." एवढंच. पण ते म्हणताना त्यांचा आवाज शाळेतल्या मुलासारखा झाला होता.

चष्मा मिळाल्यावर ऑफिसात आले, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "निमगावचं काढ. त्या दिवसाचं." मी काढलं. त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला, आणि ते पडद्याकडं वाकले. "एवढं साफ हुतं हे?" म्हणाले. मग बोट काचेवर टेकवून, डाग पडेल याची पर्वा न करता, सोनाबाईच्या ओळीवरून ते सावकाश सरकवत नेलं. एकोणतीस. "मला लाज वाटती, नसीम," आबा म्हणाले. "माज्या डोळ्याची न्हाय. माजी."

पुढच्या बाजारच्या दिवशी आम्ही गेलो. आधी सोनाबाईच्या मळ्यात. ती म्हशीला वैरण टाकत होती. आबांनी हात जोडले आणि सांगितलं, चूक झाली, डिग्री चांगली होती. ती वैरण टाकायची थांबली नाही. म्हणाली, "समद्यांम्होरं बोलला न्हवं? मंग समद्यांम्होरं सांगा."

शेडमध्ये पुन्हा माणसं जमली. आबा उभे राहिले. खिशातून चष्मा काढला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "मंडळी, त्या दिशी म्या वाचलं न्हाय. मला वाचता येत नव्हतं. जवळचं दिसत न्हाय मला, लई दिसांपास्नं. सांगायची लाज वाटली म्हून म्या वरची ओळ हिच्या नावावर खपवली. सोनाबाईचं दूध चोख हाय."

 मग कुणीतरी मागून म्हणालं, "कोकऱ्याच्या आबाला दिसत न्हाय व्हय? मंग त्या लंगड्या म्हशी अंदाजानंच सांगत हुता का?" आणि हशा पिकला. आबा तसेच उभे राहिले. टोपीखालून घाम कानावर आला तरी पुसला नाही. मला वाटलं, संपलं, आता सुटले. मीही जरा हसले असेन.

सोनाबाई हसली नव्हती. ती पुढं आली. आवाज चढवला नाही तिनं. म्हणाली, "आबा, तुमाला दिसत नव्हतं, मान्य. पर ऐकू तर येत हुतं की. ही पोरगी दोनदा बोलली. मला टेबलाच्या पल्याड उभं राहून ऐकू आलं, तुमी तर तिला खेटून बसला हुता."

हशा जागच्या जागी थांबला.  सोनाबाई पदर खोचून निघून गेली.

त्यानंतर गावोगाव आम्ही अजून पुष्कळ हिंडलो. आबा चष्मा लावूनच बसायचे. प्रत्येक नोंद वाचण्याआधी माझ्याकडं वळून मोठ्यानं विचारायचे, "हीच ओळ न्हवं?" मी होय म्हटल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचे नाहीत. माणसं टिंगल करायची, आबा बाईमाणसाला विचारून बोलतोय. करू द्या म्हणायचे. माझ्या चष्म्यावर मात्र त्यांनी पुन्हा कधी चेष्टा केली नाही, आणि खरं सांगायचं तर मला ती चेष्टा आठवत राहायची.

माझं लग्न ठरलं आणि नोकरी सोडायचा महिना आला. शेवटच्या फेरीला आम्ही निमगावच्या रस्त्यानं येत होतो. सकाळची वेळ. रस्त्याकडेला सोनाबाई दुधाचा कॅन घेऊन उभी होती. संघाला तिनं त्यानंतर परत दूध घातलंच नव्हतं. ती दूध एका खाजगी डेअरीला घालायची. त्यांची पिकअप पुढं येऊन उभी राहिली होती, पण गाडीवरचा माणूस खाली उतरायचं नाव घेत नव्हता. भरलेला कॅन, आणि ती एकटी.

"थांबव," आबा ड्रायव्हरला म्हणाले. उतरले. चष्मा डोळ्यावर, टोपी डोक्यावर. आमच्या संघाचा सुपरवायझर, दुसऱ्याच्या गाडीत दूध चढवायला निघाला होता. वाकून त्यांनी कॅनच्या एका कानाला हात घातला.

"ऱ्हाऊ द्या," सोनाबाई म्हणाली. रागानं नाही, परक्या माणसाला म्हणावं तसं. "माजं मी उचलते."

आबांनी हात काढला. तिनं कॅन गुडघ्यावर घेतला, मग एका हिसक्यात वर चढवला. थोडं दूध हिंदकळून आबांच्या वहाणांवर सांडलं. पिकअप गेली, ती मळ्याच्या वाटेला लागली. आबा रस्त्याच्या कडेला हात अर्धवट पुढं धरून उभे होते. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. ते आले नाहीत. त्यानं पुन्हा वाजवला, आणि मी त्याला म्हटलं, "थांब जरा. वाजवू नको."